सुई उत्तर दाखवते

आत्याने पातेल्यातून कडं बाहेर काढलं तेव्हा ते असं काही लखलखलं की मी टाळ्याच वाजवल्या. आणि मग एकदम माझे हात हवेतच राहिले.

"आत्या, हे कशात घातलं होतंस?"

"रिठ्याच्या पाण्यात. आणि कशात घालणार? परवा लग्न आहे पोरीचं. काळपट दागिने घालून उभी करायची काय तिला?" मनीषाआत्या लग्नासाठी पंधरा दिवस आधीच आली होती आणि येताना स्वतःची जुनी कॉइलची शेगडी घेऊन आली होती. आमच्या इंडक्शनवर रिठ्याला म्हणावा तसा फेस येत नाही, असं तिचं ठाम मत आहे.

"गरम पाण्यात की उकळत्या?"

"चांगलं खळखळून उकळलंय. पाटल्या काढल्या, मंगळसूत्राच्या वाट्या काढल्या, मग हे घातलं. बघ की कसं निघालंय! सोनाराकडे तरी निघेल का असं?"

"आत्या, हे सोनं नाहीये."

"मग काय आहे?"

मी कडं फडक्यात धरून तिच्या हातातून घेतलं.

ते ताईचं वचनकडं होतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण शर्वरी. साखरपुड्यात निनादने तिच्या हातात ते घातलं होतं. कड्याचा धातू बिनरोधी. या शब्दावरून साखरपुड्यात खूप हसाहशी झाली होती, कारण ताईचं लग्नही बिनविरोधच ठरलं होतं. स्थळ आलं, बाबा हो म्हणाले, आई हो म्हणाली, ताई हो म्हणाली. ग्रामपंचायतीलासुद्धा एवढ्या लवकर सरपंच मिळत नाही.

पण बिनरोधी म्हणजे काय, ते नीट सांगते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याच विषयावर बोलून मी तालुक्यात पहिली आले. तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, मी सांगते.

तारेतून वीज वाहते ती जत्रेतल्या गर्दीसारखी. मागून जो रेटा बसतो ते विभवांतर, व्होल्टमध्ये मोजायचं. एका वेळी किती जण पुढे सरकतात ती धारा, अँपिअरमध्ये. आणि वाटेत जी खेचाखेच होते, खांदे घासतात, चपला तुटतात, तो रोध. रोध काढायचा तर विभवांतराला धारेने भागायचं. झालं! आत्याच्या शेगडीचंच घ्या. दोनशे तीस व्होल्टवर ती साडेसहा अँपिअर ओढते. भागाकार केला की रोध आला साधारण पस्तीस ओहम. आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती, जवळजवळ पंधराशे वॉट. म्हणजे दर सेकंदाला पंधराशे ज्यूल ऊर्जा नुसती खेचाखेचीत तापून बाहेर पडते, आणि त्यावर आत्याचे रिठे उकळतात.

आता असा धातू मनात आणा की ज्यात खेचाखेचच नाही. रोध शून्य. मग पुढे जायला रेटाही नको, म्हणजे विभवांतर शून्य. शून्याला कितीही अँपिअरने गुणा, शक्ती शून्य. काही तापत नाही, काही खर्च होत नाही, म्हणून काही संपतही नाही. अशा धातूच्या कड्यात एकदा धारा सोडली की ती आपली गोल गोल फिरत राहते. आज, उद्या, शंभर वर्षांनी. फक्त एक अट. कडं नव्वद अंशांच्या वर तापता कामा नये. तापलं की ते साधं कडं होतं आणि आतली धारा एका क्षणात विरून जाते. गार झाल्यावर धातू पुन्हा बिनरोधी होतो, पण गेलेली धारा काही परत येत नाही.

हे सगळं कड्याच्या डबीवर छापलेलं होतं. आईने त्या डबीत कुंकू भरून ठेवलं होतं.

असा धातू बाजारात आला तेव्हा मी बालवाडीत होते. मोठमोठे लोक त्याच्या आगगाड्या आणि विजेच्या वाहिन्या करत होते, आणि सोनारांनी कडी केली. साखरपुड्यात कडं नव्वद अंशांच्या वर तापवायचं, मुलाने त्यात चुंबक धरायचा, कडं गार होऊ द्यायचं आणि चुंबक हळूच काढून घ्यायचा. आत धारा उरते. मग कडं उभं धरून त्याच्या तोंडाशी छोटं होकायंत्र आणायचं. धारा असली की उत्तरेला बसलेली सुई झर्रकन वळते, आणि सगळा मांडव टाळ्या वाजवतो. मुलाच्या कड्यात मुलगी धारा घालते. लग्नाच्या दिवशी पुन्हा सगळ्यांसमोर सुई बघायची. आमच्या कोयना धरणाच्या फुगवट्याकाठी हे इतकं रुजलंय की खालच्या वाडीतलं एक वऱ्हाड सुई हलली नाही म्हणून मांडवातून परत गेलं होतं.

आणि दुसरं एक झालं, ते कुणी ठरवून केलं नाही. लोक एकमेकांना "कशी आहेस?" विचारेनासे झाले. "सुई वळतेय ना?" एवढंच विचारायचं.

निनाद समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर कामाला. साखरपुडा करून गेला तो पार दक्षिणेच्या बर्फाजवळ. कधीमधी त्याचा फोन यायचा. सुई वळतेय ना? वळतेय. मग झालं तर. ताई रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायची. आमच्या घराखालीच लाँचचा धक्का आहे. पाणी जांभळं व्हायचं, डोंगर पाण्यात उतरायचे, आणि ती कडं समोर उभं धरून सुई आणायची. निनादचं नाव कोरलेली बाजू वर, अक्षरं सुलटी ठेवली की सुईचं लाल टोक बरोब्बर ताईकडे वळायचं. "बघतोय माझ्याकडे," ती म्हणायची. मला तेव्हा ते जगातलं सगळ्यात सुंदर वाक्य वाटायचं. खरंच.

मी स्वयंपाकघरात माझं मीटर आणलं. कड्याच्या एका बाजूने बाहेरून दोन अँपिअर सोडून पाहिले. विभवांतर शून्य, म्हणजे रोध शून्य. धातू शाबूत होता! बाहेरची वीज काढून घेतली. आता आत त्याची स्वतःची धारा उरलीय का? धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध. शून्य भागिले शून्य.

"किती आलं?" आत्याने विचारलं.

"काहीही."

"म्हणजे?"

"म्हणजे शून्याला शून्याने भागलं की काहीही येऊ शकतं. गणिताला सांगता येत नाही."

"मग तालुक्यात पहिली कशाला आलीस?"

मी होकायंत्र आणलं. कडं उभं धरलं. सुई ढिम्म. उत्तरेकडे तोंड करून बसली होती, जशी काही आमची ओळखच नाही.

"गेली," मी म्हणाले.

"काय, लाईट गेली?" आत्याला आता घाम फुटला होता. "अगं मग येईल की परत! लाईट गेली तर येत नाही होय?"

"ही नाही येत, आत्या. ही आणावी लागते."

"मग आण! तुझ्या बाबाच्या त्या फुटक्या स्पीकरात चुंबक आहे ना? शर्वरी यायच्या आत आण बाई. नाहीतर माझ्या हातून पोरीचं लग्न मोडलं म्हणून जन्मभर ऐकावं लागेल मला."

खरं सांगते, मला भीती नाही वाटली, हुरूप आला. आत्याने कडं पुन्हा तापवलं, मी ते चिमट्याने स्पीकरच्या चुंबकावर बसवलं आणि वर गार पाण्याची धार धरली. मग श्वास रोखून चुंबक खाली ओढून काढला. होकायंत्र आणलं. सुई थरथरली आणि वळली! मी धारा घातली होती! मी, ईश्वरी उतेकर! आम्ही दोघी स्वयंपाकघरात फुगडी घालायच्या बेतात होतो.

आणि मग मी नाव वर करून कडं धरलं.

सुईचं लाल टोक माझ्याकडे नव्हतं. पलीकडे, खिडकीकडे होतं. चुंबक उलटा धरला गेला होता. धारा फिरत होती, पण उलटी.

"मग कडंच उलटं घालू दे तिला," आत्या म्हणाली.

"नाव उलटं होईल."

"नाव कोण वाचतंय?"

"ताई वाचते."

पुन्हा तापवायला पातेलं चढवतोय तोवर ताई आली. काल-परवापर्यंत दक्षिणेकडे असलेला निनाद आता साताऱ्याला घरी पोचला होता, पण लग्नाआधी भेटायचं नाही अशी त्याच्या आईची ताकीद होती. ताई आनंदात होती. तिने कडं उचललं, "केवढं चमकवलंत!" म्हणाली आणि नेहमीसारखी धक्क्यावर गेली. आत्या देवापुढे जाऊन बसली. मी ताईच्या मागे गेले, कारण दुसरं काय करणार?

ती कडं समोर धरून बसली होती. पाणी इतकं शांत होतं की आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. सुईचं लाल टोक समोरच्या काठाकडे वळलेलं होतं. ताईकडे पाठ.

"इशू," ती मागे न बघता म्हणाली, "कुणी केलं हे?"

मी सगळं सांगितलं. रिठे, शेगडी, स्पीकर. सांगताना इतक्या घाईत होते की ओहमचा नियमही सांगितला.

"म्हणजे ही तुझी धारा आहे."

"ताई, धारेला नाव नसतं. इलेक्ट्रॉन सगळे सारखेच. मी उद्या सुलटी करून देते, अगदी होती तशी. निनाददादाला काय, जगातल्या कुठल्याही मीटरला फरक कळणार नाही."

"खरंच कळणार नाही?"

"शप्पथ!"

"मग त्याने घातली होती तिलाही नाव नव्हतं," ताई म्हणाली.

मला वाटलं होतं की मी तिला धीर देतेय. समोरच्या काठावर कुणीतरी गुरांना हाक मारत होतं, ती हाक पाण्यावरून तरंगत आमच्यापर्यंत आली.

"इशू, मी लाँच चालवायला शिकले हे त्याला माहीत नाही. लायसन्स मिळालं तेही माहीत नाही. जुलैत बाबांना हॉस्पिटलात नेलं, ते माहीत नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"वाटायचं, आपण होऊन फोन केला तर सुईवर विश्वास नाही असं होईल. त्यालाही तसंच वाटत असेल. सुई वळतेय म्हटल्यावर विचारायचं काय?" ती उठली. "आत्याची शेगडी तापलेली आहे?"

"आहे. सुलटी करायची ना?"

"नाही. काढायची."

स्वयंपाकघरात तिने स्वतःच्या हाताने कडं उकळत्या पाण्यात सोडलं. आत्या किंचाळली. "अगं, मांडवात काय दाखवशील? ते वऱ्हाड परत गेलं ते विसरलीस?"

"नाही विसरले. त्याला आधीच सांगणार आहे."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

ताईने चिमट्याने कडं काढलं, गार पाण्याखाली धरलं, पदराने पुसलं आणि हातात घातलं. "तर आत्ता कळेल. नंतर कळण्यापेक्षा."

लग्नाच्या सकाळी असं धुकं पडलं होतं की आमचं तुळशीवृंदावनसुद्धा दिसत नव्हतं. बाकीचं वऱ्हाड घाटाने येणार होतं, पण नवरदेवाने पाण्यावरूनच यायचं अशी आमची पद्धत. बाबा मांडवात अडकले होते. ताई म्हणाली, मी आणते.

"नवरी मुलगी लाँच चालवत नवऱ्याला आणायला जाणार?" आत्याने कपाळाला हात लावला. "अंगावरची हळद वाळली नाही अजून!"

"लायसन्सवर हळदीचं काही लिहिलेलं नाही, आत्या."

मी तिच्याबरोबर गेले. मला कोण थांबवणार! पलीकडच्या धक्क्यावर निनाददादा फेट्यात उभा होता, शेजारी त्याची आई आणि पेंगुळलेले चार-पाच पाहुणे. चाकावरचे पिवळेधम्मक हात कुणाचे हे त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याची आई काही बोलणार तेवढ्यात ताईने वाकून नमस्कार केला आणि "आई, सांभाळून, पाय सरकतो," म्हणत तिला हात देऊन मागच्या बाकावर बसवलं.

आम्ही निघालो. लाँच बॅटरीवरची, त्यामुळे आवाज नाही, नुसती पाण्याची सळसळ. मी मीटर वाचत होते. अठ्ठेचाळीस व्होल्ट, साठ अँपिअर. गुणाकार दोन हजार आठशे ऐंशी वॉट, भागाकार शून्य पूर्णांक आठ ओहम. (आमचे सर म्हणतात, फिरत्या मोटरला असं भागायचं नसतं. पण मी घाबरले की भागाकार करते.) मग दोन्ही काठ दिसेनासे झाले. वर पांढरं, खाली पांढरं. आम्ही पाण्यावर आहोत की ढगात, ते मला विचाराल तर ढगात.

मध्यावर ताईने लीव्हर मागे घेतला. धारा शून्यावर आली. लाँच अलगद तरंगायला लागली.

निनाददादा पुढे आला. "तू लाँच चालवतेस?"

"दिसत नाही का?"

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू विचारायचास, सुई वळतेय ना. वळत होती." मग तिने हात पुढे केला. "परवा उकळत्या पाण्यात पडलं. धारा गेली. इशूने परत घातली होती, ती मी काढली."

तो कड्याकडे बघत राहिला. "काढलीस? का? मांडवात सगळे सुई बघणार, शर्वरी. आईला काय सांगू मी?"

ताईने मान हलवली. "मला वाटलं, तू दुसरं काहीतरी विचारशील."

मागून त्याची आई म्हणाली, "का थांबलो गं? पोचलो का?"

"नाही, आई. थोडा वेळ आहे," ताई म्हणाली आणि मग हळू आवाजात त्याला म्हणाली, "दोन धक्के आहेत. एक तुमचा, एक आमचा. तू म्हणशील तिकडे नेते. रागाने नाही म्हणत. खरंच नेईन."

लाँच हळूहळू स्वतःभोवती फिरत होती आणि आता आपली वाडी कुठल्या बाजूला हे मलाही सांगता आलं नसतं. फोनवर नकाशा दिसला असता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा कुणालाच सुचलं नाही. ताईने चाकासमोरच्या होकायंत्रावर बोट ठेवलं. सुई वेड्यासारखी हेलकावे खात होती. निनाददादा हात हलवेल तशी हलत होती.

"आमची वाडी उत्तरेला आहे," ताई म्हणाली. "पण उत्तर सापडत नाहीये. तुझ्या कड्यामुळे. त्यात अजून धारा आहे ना."

त्याने मनगटाकडे पाहिलं. मग सुईकडे. मग पहिल्यांदाच नीट ताईकडे.

"तू रोज कशी चालवायचीस मग? तुझ्याही हातात होतं."

"काढून ठेवायचे. लायसन्सच्या परीक्षेलाही काढून ठेवलं होतं."

"भीती नाही वाटली?"

ताई थांबली. "वाटली. कड्याची नाही. पाण्याची. इतकं खोल आहे इथे, आणि खाली जुनी गावं आहेत, त्यांच्यावरून जाताना पाय थंड पडायचे."

निनाददादाने कडं ओढलं. ते बोटांच्या सांध्यावर अडकलं. थुंकी लावून, दात आवळून त्याने ते काढलं, कातडी लाल झाली. मग डुलत डुलत लाँचच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि आईच्या ओटीत ठेवलं.

"अरे, लग्नाच्या दिवशी काढतोस? अपशकुन—"

"धर जरा, आई. धुक्यात वाट दिसत नाहीये."

तो परत येऊन ताईच्या शेजारी उभा राहिला. आम्ही तिघं होकायंत्रावर वाकलो. सुई एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, मग कंटाळल्यासारखी मंदावली आणि स्थिर झाली.

"उत्तर?" त्याने विचारलं.

"उत्तर," ताई म्हणाली. तिने चाक फिरवलं. लाँचचं नाक वळत वळत सुईच्या रेषेत आलं, पण लीव्हरवर ठेवलेला तिचा पिवळा हात तसाच होता. ती वाट बघत होती.

"तुझ्या बाबांच्या आवाजात काहीतरी बदललंय," निनाददादा म्हणाला. "काल फोनवर वाटलं मला. ते आजारी होते का?"

ताईने लीव्हर पुढे ढकलला. मीटरचा काटा दहा, वीस, चाळीस करत साठावर गेला, आणि पांढऱ्या धुक्यातून आमच्या वाडीकडे जाताना ती त्याला जुलैपासूनचं सगळं सांगायला लागली.